सुर्वेकाकींचं हत्यार

निवडणूक जाहीर झाली की लोक उमेदवारांवर बोलायचे आणि मी कपाळाला हात लावायचे. आचारसंहिता लागली म्हणजे परवान्याचं हत्यार ज्याच्याकडे असेल त्यानं ते पोलीस ठाण्यात नेऊन जमा करायचं. आमच्या सड्यावर, म्हणजे गावाबाहेरच्या कातळी पठारावर, असं हत्यार एकाच घरात होतं, सुर्वेकाकींच्या. काकी सत्तरी ओलांडून बऱ्याच पुढे गेलेल्या, आणि "माज्याकडं रिव्हॉल्व्हर हाय, सांभाळून चालव" असं त्यांनी एका रिक्षावाल्याला बजावल्यापासून रत्नागिरीतली एकही रिक्षा त्यांच्यासाठी सडा चढायला तयार नव्हती. मग राहिलं कोण? शेजारीण आणि शेजारणीची स्कूटी. लोकसभा झाली, विधानसभा झाली, नगरपालिका झाली, की कुठली तरी पोटनिवडणूक लागायचीच. लोकशाही जरा कमी असती तरी चाललं असतं, असं मला दर वेळी वाटायचं.

मी मूळची साताऱ्याकडची. लग्न होऊन रत्नागिरीत आले, शाळेत नोकरी मिळाली आणि पुढे आम्ही गावाबाहेर सड्यावर घर बांधलं. शेजार म्हणजे काकींची हापूसची बाग आणि बागेच्या मधोमध त्यांचं कौलारू घर. राहायला आल्यावर पहिल्याच रविवारी ओळख करून घ्यावी म्हणून मी वाटीभर खीर घेऊन गेले. पडवीत कोणी नव्हतं. कोपऱ्यात एक भरलेलं पोतं होतं, त्यावर टेकले.

"ऊठ!" आतून आवाज आला. पाठोपाठ एक काटकुळी, ठेंगणी बाई दारात आली. चष्म्याला मागून दोरा बांधलेला, कमरेला किल्ल्या. "ऊठ तिथनं आधी. ती गोळीची जागा हाय."

मी उठले. खीर सांडली. ती पुसायला फडकं देता देताच काकींनी मला समजावलं, की पोत्यात ओली वाळू आहे, हत्यार भरताना आणि रिकामं करताना नळीचं तोंड त्या पोत्याकडेच असतं, म्हणजे चुकून गोळी सुटलीच तर ती वाळूत जाऊन मरेल. म्हणून त्या पोत्यावर कोणी बसायचं नाही, कोणी टेकायचं नाही, सामान ठेवायचं नाही, मांजरानंसुद्धा झोपायचं नाही. माझं नाव त्यांनी तिसऱ्या भेटीत विचारलं.

रिव्हॉल्व्हर त्यांच्या सासऱ्यांच्या वेळचं, जुन्या धर्तीचं. त्यात नुसता चाप ओढून काही होत नाही. प्रत्येक गोळीला आधी अंगठ्यानं घोडा मागे चढवायचा आणि मग चाप ओढायचा. चक्रीला सहा खण. काडतुसं बाजूच्या एका छोट्या झडपेतून एकेक करून भरायची आणि एकेक करून काढायची. हे सगळं मला माहीत असण्याचं खरं तर काहीच कारण नाही. मी सातवीला भूगोल शिकवते. पण काकींच्या शेजारी राहून ते न शिकणं कोणालाच शक्य झालं नसतं. त्यांच्याकडे कढीपत्ता मागायला आलेली बाईसुद्धा घोडा आणि चाप यांतला फरक शिकून घरी जायची, कढीपत्ता मिळो न मिळो.

दिवेलागणीला हत्यार भरायचं, सकाळी चहाच्या आधी रिकामं करायचं, काडतुसं वेगळ्या डब्यात आणि हत्यार लोखंडी कपाटात कुलपात. या दोन्ही वेळांना त्यांच्या घरी जाणं म्हणजे शिक्षा. फाटकाशीच ओरडा ऐकू यायचा, "थांब थयंच! माजा काम चाललाय!" मग आपण फाटकाशी उभं राहायचं. डास चावले तरी उभं राहायचं. आत काकी प्रत्येक खण डोळ्यांनी बघणार, मग करंगळी घालून चाचपणार, मग नळीतून उजेड बघणार, मग पुन्हा पहिल्यापासून. एकदा आमच्या घरी पाहुणे आले आणि साखर संपली म्हणून मी धावत गेले, तर मला इतका वेळ फाटकाशी थांबवलं की पाहुणे बिनसाखरेचा चहा पिऊन निघून गेले. मी रागावले. काकींना त्याचं काही नाही. "साखरेवाचून कोण मेला काय?" एवढंच.

सहा खण असले तरी काकी पाचच काडतुसं भरायच्या. एक खण मोकळा ठेवून घोडा बरोबर त्यावर टेकवायचा. घोडा अर्ध्यावर अडकवून ठेवला तरी चालतं असं कोणी जाणकारानं म्हटलं तर त्याचं काही खरं नसायचं. "अर्ध्यावरचा घोडा नि अर्ध्या अकलेचा माणूस, दोघांचाही भरवसा नाय," असं काकी त्याला तोंडावर सुनवायच्या.

हे एवढं सोवळं कशासाठी, ते मला फार उशिरा कळलं, आणि तेही त्यांनी तांदूळ निवडता निवडता सांगितलं म्हणून. काका होते तेव्हा रिव्हॉल्व्हर त्यांच्या कमरेला असायचं. सहा खण आहेत तर सहा काडतुसं भरा, एक मोकळा ठेवणं हा भित्रेपणा, असा त्यांचा खाक्या. एक दिवस काकी विहिरीवरून हंडा भरून येत होत्या आणि काका पायरीवर वाकून पायातला काटा काढत होते. कमरेचं हत्यार सुटलं आणि जांभ्या दगडाच्या पायरीवर घोड्यावरच आपटलं. घोड्याखाली भरलेलं काडतूस. चापाला कोणाचं बोटही न लागता गोळी सुटली आणि काकींच्या कमरेवरच्या हंड्यातून आरपार गेली.

"पायावरनं पाणी वाहायला लागला," काकी म्हणाल्या. "मला वाटला रगत. मी म्हटला, संपला आपला. खाली बघवेना. मग थंड लागला तेव्हा कळला, पाणी हाय ता."

काका तिथेच पायरीवर बसून लहान पोरासारखे रडले म्हणे. काकींनी ओल्या लुगड्यानिशी ते हत्यार उचललं, त्यांच्यासमोर धरलं आणि म्हणाल्या, "रिकामा कसा करायचा ता दाखवा." त्यांनी दाखवलं. दुसऱ्या दिवशी परत दाखवायला लावलं. महिनाभरात शिकवणारे काका शिकणारे झाले. परवाना त्यांच्या नावावर राहिला, पण काकींना विचारल्याशिवाय त्यांनी पुन्हा कपाट उघडलं नाही. काका गेल्यावर वारस म्हणून परवानाही काकींच्या नावावर आला.

"मग तेव्हाच का नाही देऊन टाकलंत?" मी विचारलं. मला खरंच राग आला होता. एवढं झाल्यावर कोणी घरात ठेवतं का असली वस्तू?

"इस्तवानं घरं जळतात म्हणून चूल विझवतंस काय गो तू?" त्या म्हणाल्या आणि तांदूळ पाखडायला लागल्या.

अशा बाईला घेऊन पोलीस ठाण्यात जाणं म्हणजे काय असेल, विचार करा. घरून निघताना हत्यार रिकामं करून नारळाच्या पिशवीत, काडतुसांचा डबा माझ्या पर्समध्ये. दोन्ही एका हातात असता कामा नये. वाटेत खड्डा आला की पाठीत बोट टोचायचं. ठाण्यात पोचलो की बागांची राखण करणाऱ्या मंडळींची ही रांग, हातात एकनळी नाही तर ठासणीच्या बंदुका. काकी रांगेत उभ्या राहत नसत, रांगेवरून फिरत. "तुजा तोंड कुठं हाय? नळीचा रे, तुजा नाय. खाली कर." म्हातारे म्हातारे बागवाले मुकाट्यानं बंदुकीची नळी जमिनीकडे करायचे.

एकदा टेबलाशी एक नवा हवालदार होता. काकींनी पिशवीतून हत्यार काढून, नळी भिंतीकडे करून ठेवलं आणि म्हणाल्या, "रिकामा हाय." त्यानं मान डोलावली आणि पावती करायला घेतली.

"थांब," काकी म्हणाल्या. "मी सांगितला नि तू मानलास? उद्या चोर येऊन सांगेल मी चोर नाय, त्यालापण सोडशील?"

हवालदार हसला. मग त्याला कळलं की या हसत नाहीत. त्याला झडप उघडून प्रत्येक खण बघायला लावलं. त्यानं सवयीनं बोट चापावर ठेवलं तर बोटावर चापट मारली. पोलिसाच्या बोटावर, पोलीस ठाण्यात! मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले. मागची रांग चुळबुळत होती, माझी अर्ध्या दिवसाची रजा संपत आली होती, आणि काकी त्याला सांगत होत्या की रिकामं हत्यार असं काही नसतंच, फक्त आत्ता स्वतः बघितलेलं हत्यार असतं. साहेब बाहेर आले, त्यांनी बघितलं आणि आत निघून गेले. त्यांना सुर्वेकाकी माहीत होत्या.

बरं, एवढं करून त्या हत्याराचा कोणाला काही उपयोग? एका पावसाळ्यानंतर सड्यावर बिबट्या फिरायला लागला. आमच्या मागच्या वाडीतलं कुत्रं गेलं. चारपाच जण काकींकडे आले, की दोन बार हवेत काढा, आवाजानं पळेल. मीही त्यांच्यात होते, माझीही लेक संध्याकाळी क्लासवरून येते. काकी म्हणाल्या, "वर गेलेली गोळी खाली कोणाच्या डोक्यात पडेल ता सांगा, मग मारते." त्यांनी आम्हाला पत्र्याचे डबे दिले बडवायला. आठवडाभर अख्खी वाडी डबे बडवत फिरली, आणि रिव्हॉल्व्हर कपाटात. मी संतापून घरी म्हटलं, असलं हत्यार काय आरती करायला ठेवलंय?

तर तेही नाही. आरतीचं वेगळंच रामायण. खंडेनवमीला त्या पाटावर कोयता, विळी, कुदळ यांच्याबरोबर ते रिव्हॉल्व्हर मांडायच्या, रिकामं करून, सर्वांना खण दाखवून. त्या वर्षी त्यांचा मुलगा मनोज बायकोला घेऊन डोंबिवलीहून आला होता. आम्हालाही जेवायला बोलावलं होतं. काकी नैवेद्याचं पान वाढायला आत गेल्या आणि सूनबाईंनी मोठ्या भक्तीनं हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या आणि झेंडूचं एक फूल देठानं नळीत खोचलं. दिसत होतं छान, खोटं का बोला. मीच म्हटलं, "वा!"

काकी पान घेऊन बाहेर आल्या आणि पान तसंच जमिनीवर ठेवलं. पूजा थांबली. फूल काढलं. नळीत अक्षता गेल्या होत्या, घोड्याच्या खाचेत ओलं कुंकू बसलं होतं. "नळीत दाणा अडकला नि गोळी सुटली तर नळी फाटते. हातात फाटते. देवाला वाहिलेला दाणा काढायला देव येणार नाय!" असं म्हणत त्या पोत्यासमोर मांडी घालून बसल्या. चिंधी, काडी, तेल. वडे थंड झाले. काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यावर साय धरली. आम्ही सगळे पोटात कावळे घेऊन त्यांच्या पाठीकडे बघत बसलो. सूनबाई रडायला लागल्या.

मनोजचं डोकं फिरलं. "आई, पुरे झाला! देऊन टाक ते सरकारला आणि चल आमच्याकडं. इथं एकटी कशाच्या जिवावर राहतेस?"

"ह्याच्या," काकी म्हणाल्या. मान वर केली नाही.

"तुझे हात बघ. चष्म्याचा नंबर बघ. किती दिवस जमणार?"

"जमत नाय त्या दिवशी देईन. नि तुज्याकडं येईन."

"कोण ठरवणार जमत नाही म्हणून?"

"मीच."

मनोज माझ्याकडे बघून हताश हसला. "म्हणजे झालंच!" तो म्हणाला. मलाही तसंच वाटलं. स्वतःच गुन्हेगार आणि स्वतःच न्यायाधीश, मग शिक्षा कधी व्हायची? काकींचा जीव त्या घरात, त्या आंब्याच्या कलमांत. मालगुंडहून लग्न होऊन आल्यापासून त्या सड्याबाहेर एक रात्र राहिल्या नव्हत्या. डोंबिवलीच्या चौथ्या मजल्यावर त्या काय करणार, हे मनोजलाही दिसत नसेल असं नाही. पण तोही काय करणार? रात्री फोन लागला नाही की मला लावायचा, आणि मी बॅटरी घेऊन शिव्या देत फाटकाशी जायचे.

पुढच्या दोनेक वर्षांत काकी थकल्या. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पण दुसऱ्याचं त्या पुढे ढकलत राहिल्या. फाटकाशी थांबण्याचा माझा वेळ वाढत गेला. आधी खण दोनदा तपासायच्या, ते तीनदा झालं, मग मी मोजणंच सोडलं. मी ओरडायचे, "काकी, झालं का?" आतून उत्तर यायचं, "गप राव, चुकवू नकोस!"

मग या एप्रिलमधली ती दुपार. शाळा सकाळची होती, मी नुकतीच जेवून आडवी झाले होते. फोन आला. "बाई, गाडी काढ. ठाण्यात जायचा हाय."

"आत्ता कुठली निवडणूक?" मी वैतागून विचारलं.

"तू ये."

गेले. फाटकाशी कोणी ओरडलं नाही. काकी पडवीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. हत्यार वाळूच्या पोत्यासमोर, झडप उघडी. शेजारी काडतुसांचा डबा, आणि डब्याबाहेर एक काडतूस वेगळं, जमिनीवर उभं ठेवलेलं.

"सकाळी मी रिकामा केला," त्या म्हणाल्या. "डोळ्यानं बघितला, करंगळीनं बघितला. रिकामा म्हणून कपाटात ठेवला. आत्ता तेल द्यायला काढला. काढला की परत बघायचा, म्हणून बघितला." त्यांनी त्या एका काडतुसाकडे बोट दाखवलं. "ह्यो आत होता."

आणि मग काय झालं कोण जाणे, इतकी वर्षं ते हत्यार जावं म्हणून मनातल्या मनात नवस बोलणारी मी त्याचीच वकिली करायला लागले. "अहो, पण सापडलं ना? तुमचा नियम आहे म्हणूनच सापडलं! उलट हे चांगलंच झालं. आणि कोणी बघितलं? मी कोणाला सांगणार आहे का? मनोजला कळणारसुद्धा नाही. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन करून घेऊ, मी रजा काढते..."

"नियमानं पकडला," काकी म्हणाल्या. "पण हातानं चुकवला ना? आज नियम ध्यानात राहिला. ज्या दिवशी तोपण राहणार नाय त्या दिवशी मला कोण सांगणार, की आज राहिला नाय म्हणून?"

"काकी, हे घर..."

"ऊठ. ऊन वाढतंय."

मी भांडले. खरंच भांडले त्यांच्याशी, हट्टी म्हटलं, तऱ्हेवाईक म्हटलं, आयुष्यभर सगळ्यांना छळलंत आणि आता स्वतःलाही सोडत नाही म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग शांतपणे सगळे खण बघितले, मलाही बघायला लावले, हत्यार पिशवीत घातलं आणि डबा माझ्याकडे दिला.

ठाण्यात रांग नव्हती. परवाना परत करायचा तर जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करावा लागेल, तोवर हत्यार इथे जमा राहील, असं साहेबांनी सांगितलं. फार नीट बोलले. काकींनी कुठे सही करायची ते विचारलं आणि केली. टेबलामागची पोलीसबाई हत्यार घेऊन आत गेली. काकी तिच्या पाठीकडे बघत राहिल्या, आणि ती दाराआड गेल्यावरही दाराकडे बघत राहिल्या. मी दंडाला धरून बाहेर आणलं. इतकी वर्षं मागे बसवून नेलं, पण त्यांचा दंड एवढासा आहे हे मला तेव्हा कळलं.

बाहेर बदामाच्या सावलीत त्या थांबल्या. "मनोजला लाव."

मी फोन लावून दिला. त्यांनी तो कानापासून जरा लांब धरला, त्यामुळे पलीकडचं मलाही ऐकू येत होतं.

"मनोज, न्यायला ये मला."

"काय?" तो ओरडलाच. "आई, काय झालं? पडलीस का? आई, काय झालं सांग!"

"काय नाय झाला," काकी म्हणाल्या. "म्हणून तर बोलवतेय. आंबा उतरला की ये."

फोन माझ्या हातात देऊन त्या स्कूटीवर बसल्या. मी गाडी सुरू केली. पहिल्या वळणापर्यंत कसंबसं धरलं, मग मला पुढचं काही दिसेना, आणि मी तशीच गाडी चालवत राहिले. मागून पाठीत बोट टोचलं.

"आधी गाडी कडेला घे गो," काकी म्हणाल्या. "मग रड."